गवताची चाकरी

सेनगावच्या स्टँडवर हिंगोलीची गाडी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर एकाच गावच्या दोघी बोलत होत्या.

"लक्ष्मीबाई, रत्नपाल येऊन राहिला का खुरपणीला?"

"न्हाई, मदीनाबी. पुण्याला गोल्फ कोर्सवर कामाला लागला पोरगा. सुट्टी देत न्हाईत."

"ते काय असतंय?"

"मोठं रान असतंय, आपल्या गायरानाहून मोठं. नुसतं गवत."

"मग ढोरं लई असतील."

"ढोराला पाय ठेवू देत न्हाईत. मोठे लोक येतात, काठीनं चेंडू मारत मारत खड्ड्यात घालतात."

"आन मंग?"

"काढतात, आन पुढच्या खड्ड्याकडं मारतात."

"रत्नपाल काय करतो तिथं?"

"गवताला पाणी देतो."

"इथं तर खुरपं हातात धरायला लाजायचा."

"तिथं बी खुरपं हायेच. गवतात दुसरं काही उगवलं की काढून टाकायचं."

"तिथं दुसरं काय उगवणार?"

"परवा तूर उगवली. मी घुगऱ्यांसाठी दिली होती, त्यातलाच दाणा सांडला असंल."

"मग ठेवली का?"

"साहेबानं त्यालाच उपटाया लावली."

"गवताला तर काही तकलीफ झाली न्हाई ना?"

"न्हाई. गवत बराबर हाय."