हिरवी निघाली, पिवळी पोचली

केळ्यांच्या शीतगृहाबाहेरच्या बाकावर एसी ट्रकचा ड्रायव्हर माल उतरवायची वाट बघत बसला होता. काचेपलीकडे मालकीणबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ इतके तावातावानं भांडत होते, की कानांवर हात ठेवूनही ऐकू आलं असतं.

"खरं सांग, खोलीत पिकलेलं काय ठेवलं होतंस?"

"काही नाही, ताई. आईशपथ."

"मग मागच्या खेपेची सगळी केळी परदेशी जाणाऱ्या बोटीवर चढायच्या आत पिवळी कशी पडली?"

"गारवा कमी पडला असेल."

"गारवा मी स्वतः बघते. एक पिकलेलं फळ आत आलं, की त्याच्या गॅसनं अख्खी खोली पिकायला लागते. हे काय तुला नव्यानं सांगू?"

"मी डबासुद्धा बाहेर बसून खातो गं."

"डब्याचं राहू दे. गेल्या वर्षी आत पपई कुणी ठेवली होती?"

"एकदा चुकलो, म्हणून जन्मभर मीच का?"

"कारण दुसरं कुणी आत जातच नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"घरी काय सांगू?"

"खरं काय ते सांग."

"तेच तर सांगतोय मघापासून!"

मालकीणबाई तरातरा दाराशी आल्या.

"ड्रायव्हरदादा, गाडी उघडा. आजचा माल मी स्वतः बघून घेते."

ड्रायव्हर उठला, पण किल्ली हातात असूनही खिसे चाचपत राहिला. गाडीत हिरव्या केळ्यांच्या मागे, गारव्याला, लेकीसाठी घेतलेली पिकल्या आंब्यांची पिशवी होती. दर खेपेला असायची, तशीच.