राजाचं पोट बिघडलं

— न्हाई न्हाई, बसा की दादा, जागा हाय. टोपली हितं ठेवा बाकड्यावर. मांजर हाय व्हय? असू द्या. आमचा आत हाय, डॉक्टरच्या टेबलावर. कुत्रं माझं, अन् आत कोण गेलंय त्याच्यासंगं? भाडेकरू. दारातल्या माणसानं मला हितंच थांबवलं — एकानंच आत यायचं म्हणला, कार्डावर ज्याचं नाव हाय त्यानं. आन् कार्डावर नाव कुणाचं? तनुजाचं. पैल्या इंजेक्शनला ती घेऊन आली हुती ना, तवाच मालकाच्या रकान्यात आपलं नाव टाकून मोकळी झाली. वरच्या खोलीत राहती अन् खालच्या कुत्र्याची मालकीण. मला कार्ड वाचता येत न्हाई असं वाटलं आसंल तिला. सातवीपर्यंत शिकलीय मी.

सांगते, म्हंजे तुमास्नी कळंल. मारुंजीत आमचं घर हाय. खाली आमी दोघं, मी अन् आमचे मालक, वर चार खोल्या काढल्यात, हिंजवडीतली पोरं-पोरी ऱ्हात्यात भाड्यानं. त्यातली ही तनुजा. परभणीकडची, कम्प्युटरच्या कंपनीत हाय. पोर वाईट न्हाई — वाईट असती तर बरं झालं असतं, तोंडावर चार शब्द बोलता आले असते. राजाला मी आणला. भावाच्या मळ्यातनं, पदरात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. येवडासा हुता, डोळं नुकतं उघडलेलं. माझ्या जुन्या लुगड्यावर निजायचा, माझ्या पायाचा अंगठा चोखायचा. नाव राजा ठेवलं मी. अन् ही एक दिवस जिना उतरून आली, त्याला उचललं, म्हणली काकू किती गोड, अन् म्हणली कोको. झालं. आता मी राजा-राजा करून घसा बसवते, हे महाराज ढिम्म. तिनं वरनं नुसतं कोको म्हणावं, की निघाला जिन्यानं धडपडत. संध्याकाळी सातला तिची कंपनीची गाडी येती, तर हा साडेसहापास्नं फाटकाशी. मी दूध-भाकर कुस्करून पुढ्यात ठेवते — वास घेतो अन् परत फाटकाकडं तोंड. माझ्या हातचं नको, तिनं आणलेलं पाकिटातलं कुत्र्याचं खाणं पायजे.

अन् कुत्र्याचं सोडा, मुकं जनावर हाय ते. आमच्या मालकांचं काय? तीस-बत्तीस वर्सं माझ्यासंगं बोलले काय तर चहा टाक, पाणी तापलं का. ही आली की खुर्ची पुसून देत्यात. आयटी यायच्या आदी हितं ऊस कसा हुता, बांधावर मोर कसे यायचे, सगळं तिला सांगत बसत्यात. मला कदी सांगितलं न्हाई. आता मी तितंच हुते म्हणा, ऊस खुरपायला — पण तरीबी सांगायला काय जातंय? हसताय व्हय? हसा. जळतंय माझं, कशाला खोटं बोलू. तिच्या फोनवर पैला फोटू कुणाचा, तर राजाचा. ऑफिसातनं ह्यांच्या फोनवर व्हिडिओ लावती अन् कुत्र्यासंगं बोलती, अन् हा येडा फोनची काच चाटतो. पुसायची कुणी? मी.

काय झालं व्हय? पोट बिघडलंय त्येचं. काल सकाळी दोनदा पातळ केलं. पण उड्या मारत हुता, चप्पल पळवली ह्यांची. मी म्हणलं, लहान जीव हाय, व्हायचंच. तनुजा खाली आली, तिनं ते बगितलं — वाकून बगितलं हां, नाकाला रुमाल न्हाई काय न्हाई — अन् मला शिकवाया लागली. म्हणली काकू, खेळतोय, पाणी पितोय, तवर घाबरायचं कारण न्हाई. आज साधा मऊ भात थोडा थोडा द्या, दुसरं काय बी नको, दूध तर नकोच, पाणी मातूर सारखं ठेवा. पण उलटी झाली, रक्त दिसलं, पाणी सोडलं, नायतर नुसता पडून राह्यला, तर एक मिनिट थांबायचं न्हाई, मला फोन करा — त्येची सगळी इंजेक्शनं झाली न्हाईत अजून, येवडं पिल्लू एका दिवसात वाळून जातंय म्हणली. मला सांगती. तीन लेकरं काढलीत मी हातानं, गोवरातनं, डांग्या खोकल्यातनं. अन् बोलली ती बरोबर बोलली, त्येचाच राग आला मला जास्ती. चुकीचं बोलली असती तर मालकांपुढं दाखवून दिलं असतं.

भातच दिला की. भातच दिला, दुसरं मी काय देणार? ... आता रविवारचं म्हणाल तर ती गोष्ट निराळी. रविवारी ती पिंपळे सौदागरला मैत्रिणीकडं गेली दिवसभर, तवा कुठं कुत्रं माझ्या वाट्याला आलं. शेजारच्या तानुबाईची म्हैस व्यालेली, तिनं चीक पाठवला हुता. पैल्या दिवसाचा, घट्ट. मी खरवस केला, गूळ घालून. राजा पायात घुटमळाया लागला, शेपटी हलवत, माझ्याकडं बगत — माझ्याकडं, दादा, किती दिवसांनी. मंग दिला थोडा. थोडा म्हंजे वाटी. दुसरीबी दिली असंल, मी काय मोजत बसले न्हाई. अन् खाऊन माझ्या मांडीवर निजला, फाटकाकडं गेला न्हाई. तिची रिक्षा आली तरी उठला न्हाई. तुमाला सांगते, सणाच्या दिवशीबी येवडं बरं वाटलं नसंल मला.

आता तेवड्यानं काय हुतंय? खरवसानं कुणी मेलंय का? अन् पोट बिघडलं तर त्येचा उपायबी मीच केला. काल ती कामावर गेली, मी सहाण घेतली, जायफळ उगाळलं, सुंठ उगाळली, गुटी करून चाटवली. आमच्या तिन्ही लेकरांना हीच दिलीय. म्हणलं ती सातला यायच्या आत बरा करते, मंग बगू कुणाला कळतंय जास्त. अन् निजला की गप. दुपारी परत एकदा पातळ केलं, मंग परत उगाळलं. जरा जास्तच, हात चालत राह्यला माझा... ती आली तवा निजलेलाच. म्हणली, दिवसभर निजलाय? मी म्हणलं व्हय, खेळून दमलाय. — असं काय बगताय माझ्याकडं?

आज सकाळी उठंना. हलवला तर मान टाकली, डोळं फिरवल्यागत केलं, अन् पिवळी उलटी. ती धावत आली, त्याचा ओठ वर करून हिरड्या बगितल्या, पांढऱ्या दिसत्यात म्हणली, अन् तितंच जिन्यावर बसून रडाया लागली. मालक माझ्याकडं बगाया लागले. तवा माझ्या तोंडातनं निघून गेलं. म्हणलं, तुझ्याच पाकिटातल्या खाण्यानं झालंय हे. नवीन पाकीट आणलंस परवा, तवापास्नं सुरू झालंय. म्हणलं, महिना भरला की दुसरी खोली बग. माझ्या कुत्र्याचा जीव घेतलास. असं म्हणले मी. अन् ती काय म्हणली? म्हणली काकू, आदी डॉक्टर. रजा टाकली, रिक्षा आणली, रस्ताभर त्याला छातीशी धरून बसली. वाकडच्या सिग्नलला अडकलो तर उतरून पळतच येणार हुती.

न्हाई, डॉक्टरला कशाला सांगायचं? मशिनी हायत त्यांच्याकडं, त्यास्नी कळंल की आपसूक. काय? — जायफळानं झोप येती ते मलाबी ठावं हाय. आजारानं पडलाय का त्यानं पडलाय, हे त्यास्नी कसं कळणार, असं म्हणताय. ... मंग ते भलत्याच आजाराची दवा करतील. ... तुमी बोलू नका मधी. सांगितलं तर मालक मला घरात बसू देतील का? ती पोर माझ्याकडं बगंल का परत? आं? तुमी तुमच्या मांजरीचं बगा दादा, मी तुमाला इचारलं का काय.

थांबा, दार उघडलं. — काय गं? काय म्हणले? सलाइन लावलंय? शुद्धीत हाय का? ... काय खाल्लं ते इचारत्यात. मंग तू काय सांगितलंस? ... कुठलं पाकीट? ... रडू नको, नीट बोल. तू सांगितलंस तुझ्याच पाकिटानं झालंय म्हणून? तुझीच चूक म्हणून लिवून घ्या म्हणलीस? अगं येडे, मी म्हणले म्हणून तू खरं धरलंस व्हय? मी काय बी म्हणते.

सरक. सरक म्हणते ना, मला आत जायचंय. अरे ए बाबा, कार्ड गेलं चुलीत, बाजूला हो. — डॉक्टरसायेब, त्या पोरीनं सांगितलं ते पुसा. पुसा आदी. आन् मी सांगते ते लिवा — रविवारी खरवस, दोन वाट्या. काल जायफळ, दोनदा, दुसऱ्यांदा अर्ध्याच्या वर उगाळलेलं. न्हाई, तिला ठावं न्हाई. मी दिलं. ... न्हाई, दार लावू नका. असू द्या उघडं. तिलाबी ऐकू जाऊ द्या.