रंगवार लावलेल्या माश्या

हॅलो?… हां, बोल… पोहोचलात नदीवर? बाबा काही बोलले का?… अख्ख्या रस्त्यात चकार शब्द नाही? अरे, लग्नाला तीन वर्षं झाली. जावयाला पहिल्यांदाच स्वतःहून मासे पकडायला चल म्हणाले ते. तूच काहीतरी विषय काढायचास ना…

काय?… कुठली डबी?… गळाला लावायच्या त्या पिसांच्या खोट्या माश्यांची? हो, मीच लावली. छान दिसतेय ना? पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आमच्या दुकानात लोकरीचे गुंडे लावतो तशी…

का, काय झालं?… हळू, एकेक सांग. डावीकडे बुडणाऱ्या होत्या आणि उजवीकडे तरंगणाऱ्या?… मला काय ठाऊक? गळाला पिसं गुंडाळली की झाली माशी, एवढंच मला कळतं…

हो, हो… ऐकतेय ना. वर डोंगरात बर्फ वितळलंय, पाणी गढूळ झालंय… मग? मासे वर येत नाहीत, तळाशीच बसतात… म्हणून बुडणारी हवी. मग घे ना काळ्यांतली एखादी… काळ्यांत दोन्ही आहेत? अरे देवा. ओळखायची कशी मग?… डोक्याशी पितळी मणी? ते चमकणारे? थांब… त्या मी सोनेरीत टाकल्या. नाही, पिवळ्यांत… जरीवाल्या सोनेरीत. नाही रे, आता मलाच आठवेना…

बाबा काय करतायत?… हात पुढे करून उभेत? डबी देऊ नकोस… दिलीस?

काय म्हणतायत?… कोणी लावली विचारतायत? सांग, तू लावलीस. नको, तुझी उरलीसुरली किंमतही जाईल. माझं नाव सांग… सांगितलंस?

कोण हसतंय?… बाबा?

काय?… आईनं? आईनं त्यांची डबी अशीच लावली होती?… कधी?… लग्नानंतर लगेच? अरे, मला हे कधीच सांगितलं नाही त्यांनी. आई गेल्यापासून तिचं नावसुद्धा काढत नाहीत ते घरात…

तुला सांगतायत? तुलाच?… मग माझ्याशी काय बोलत बसलायस? त्यांचं ऐक… माशी राहू दे, मासे राहू देत…

नाही, नाही, फोन बंद करू नकोस. तसाच खिशात ठेव. मला ऐकायचंय… मी काही बोलत नाही मधे… हं…

बाबा, जरा मोठ्यानं… काय म्हणाली होती आई?…

हॅलो?… हॅलो?