सहाच्या गाडीतले डबे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय गोरक्षनाथ तात्या. व्यासपीठावर बसलेले सोसायटीचे चेअरमन आणि विद्यालयाचे मुख्याध्यापक. आजचे सत्कारमूर्ती, एसटीतून निवृत्त होणारे वाहक श्री. भिमाजीराव, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या सौ. रंगुबाई वहिनी, समोर जमलेले ग्रामस्थ, माता-भगिनी आणि मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली, नगरला शिकणारी आपली मुलंमुली, आपणा सर्वांना या कानिफनाथ गुरुजीचा नमस्कार.

या गावात कोणाचा सत्कार असो, कोणाची शोकसभा असो, माईक शेवटी माझ्याच हातात येतो. सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, त्याचा हा दंड आहे. बोलायची मला सवय आहे. पण आज मी माईक तात्यांच्या हातात परत द्यायला गेलो. त्यांनी तो घेतला नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला. तात्या, आभारी आहे. पण एवढ्या पाण्यानं माझं भागेल असं काही दिसत नाही.

मला पाच मिनिटं दिली आहेत. भिमाजीरावांचा परिचय करून द्यायचा आहे. आता सांगा, या माणसाचा परिचय या गावाला काय करून द्यायचा? पंधरा वर्षं ते आपल्याकडे मुक्कामी गाडी घेऊन येताहेत. संध्याकाळी यायचं, मारुतीच्या देवळात अंग टाकायचं आणि सकाळी सहाला गाडी नगरला न्यायची. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण भिमाजीराव दारात उभे राहून अजूनही 'चला नगर, नगर' असंच ओरडतात, आणि आपणही नगरलाच जातो.

त्या सहाच्या गाडीत इंजिनाजवळ डब्यांची रांग लागायची. आपल्या गावची चौदा मुलं नगरला खोल्या करून राहतात, त्यांचे हे डबे. आया पहाटे उठून भाकरी थापणार, बाप डबा घेऊन थांब्यावर येणार, भिमाजीराव तो घेणार आणि माळीवाड्याच्या स्टँडवर ज्याचा त्याच्या हातात देणार. संध्याकाळी रिकामे डबे परत. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसरे वाहक त्यांच्या शब्दावर डबे नेत. या कामाचा कधी एक रुपया त्यांनी घेतला नाही. हां, आमच्या घरचं लिंबाचं लोणचं मात्र त्यांनी मागून घेतलं आहे. वहिनी, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर माफ करा.

त्या चौदाही डब्यांवर ऑईलपेंटनं नावं घातली ती मी. माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणतात. हे मी प्रौढी म्हणून सांगत नाही. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

त्यातला एक डबा माझ्या मुलीचा, ज्ञानेश्वरीचा. घरात आम्ही तिला ज्ञाना म्हणतो. ती तिकडे आईशेजारी बसली आहे. तीन वर्षांपूर्वी ती बी.एस्सी.ला नगरला गेली आणि माझी भूक गेली. आपल्यापैकी किती जणांचं असं झालं? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. लेकरू अठरा वर्षांचं झालं, त्याला मतदानाचं कार्ड आलं, सरकारनं त्याला शहाणं ठरवलं. आपण ठरवलं का? मी फोन केला की ती 'हं', 'बरंय', 'जेवले' एवढंच बोलायची. म्हणून मी डब्यावर विश्वास ठेवायला लागलो. संध्याकाळी गाडी आली की आधी डबा उघडायचा. तळाशी भाजी राहिली असेल तर पोरीचं काहीतरी बिनसलंय. डबा साफ असेल तर आजचा दिवस निभावला. वर भिमाजीरावांना रोज एक प्रश्न, "ज्ञाना कशी दिसली?" आणि त्यांचं रोज एक उत्तर, "चांगली हाय, गुरुजी."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर डबा अगदी पुसून घेतल्यासारखा यायला लागला. तिच्या आईनं एका शब्दानं विचारलं नाही. तीन भाकऱ्यांच्या चार केल्या, मग पाच केल्या. ती भाकरी वाढवत होती आणि मी शंका.

जानेवारीत दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मी नगरला मेहुण्याकडे मुक्कामाला होतो. म्हटलं, सकाळी स्टँडवर जाऊन लेकीला चकित करावं. पेपरच्या स्टॉलआड उभा राहिलो. आपली गाडी आली. भिमाजीराव उतरले, हातात ज्ञानाचा डबा. आणि तो डबा घ्यायला आली एक अनोळखी मुलगी. भिमाजीरावांनी हसून तिच्या हातात डबा दिला, तिनं तो पिशवीत टाकला आणि ती निघून गेली. मी स्टॉलआडून बाहेरच आलो नाही.

दुसऱ्या दिवशी गावात आल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "भिमाजीराव, ज्ञाना कशी दिसली?"

"चांगली हाय, गुरुजी."

मंडळी, माझी पोर कुठं आहे? कोणाबरोबर आहे? कॉलेजात तरी जाते का? हा माणूस माझ्या तोंडावर खोटं का बोलतो? चार दिवस मी हेच घोळवत राहिलो. तिची खोली स्टँडपासून दहा मिनिटांवर, फोन खिशात. मुलीला विचारायला काय लागत होतं? पण नाही विचारलं. का? ती जे सांगेल ते ऐकायची माझी छाती नव्हती. बाप झाल्यावर माणूस किती भित्रा होतो, हे बाप झाल्याशिवाय कळत नाही.

तात्यांनी आत्ता चिठ्ठी दिली आहे, 'आवरतं घ्या'. तात्या, पाच मिनिटं केव्हाच झाली, मला दिसतंय. पण आज मला आवरायला लावू नका. आज थांबलो तर पुन्हा माझ्याच्यानं बोलणं होणार नाही.

त्यानंतर काय झालं ते आपण सगळे जाणता. कोणीतरी आगाराला निनावी अर्ज पाठवला. 'सदर वाहक विनातिकीट सामान नेतात व ते अनोळखी व्यक्तींच्या हवाली करतात.' खाली सही नाही, नुसतं 'एक पालक'. भिमाजीरावांना तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो मिळाला. चौकशी होईपर्यंत त्यांना श्रीगोंद्याकडच्या गाडीवर घातलं. नवे वाहक म्हणाले, डबे बंद. पहिल्या दिवशी चौदा डबे थांब्याजवळच्या पारावर तसेच राहिले आणि आपली चौदा लेकरं वडापाव खाऊन परीक्षेला बसली.

तेव्हा चांगुणाबाई पुढे झाल्या. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांचा पार्थ नगरला आयटीआय करतो. त्या म्हणाल्या, "डबं न्यायला बंदी हाय, बाईला तर न्हाई ना? मला अर्ध्या तिकिटात जाता येतंय. आना हिकडं समदे." आठवड्यातले तीन दिवस, दोन पोत्यांत चौदा डबे घालून ही बाई नगरला गेली. गाडीत चढताना त्या मोठ्यानं म्हणायच्या, "ज्यानं अर्ज केला त्याला त्याच्या लेकराच्या हातचं पानी मिळायचं न्हाई." पोती वर द्यायला मी खाली उभा असायचो. मी मान डोलवायचो.

एवढ्यावर थांबलं नाही. भिमाजीरावांना परत आणा म्हणून ग्रामसभेनं विनंती अर्ज करायचं ठरवलं. तो लिहिला कोणी? गावात अक्षर कोणाचं बरं आहे? एकशे बारा सह्या आणि अंगठे घेऊन तो अर्ज आगारात गेला आणि त्याच फाईलला लागला.

त्याच सुमारास एका शनिवारी ज्ञाना घरी आली. मी बोलायच्या आत आईजवळ बसून तिनं सगळं सांगितलं. ती सकाळी सात ते दहा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम शिकायला जात होती. कॉलेज त्यानंतर. म्हणून डबा घ्यायला तिची खोलीतली मैत्रीण आरती यायची. आरती पाथर्डीकडची. दसऱ्यानंतर तिचे आईवडील ऊसतोडीला कोपरगावकडे जातात, घराला होळीपर्यंत कुलूप असतं. तिला डबा पाठवणार कोण? दोघी एका डब्यात जेवत होत्या. डबा पुसून येत होता तो त्यामुळे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणाला असता, अप्पा. एवढ्या सकाळी एकटी कुठं जातेस, म्हणाला असता. आणि तुम्ही मला विचारलं कधी? तुम्ही रोज डब्याला विचारत होता."

भिमाजीरावांना तिनंच गळ घातली होती, अप्पांना सांगू नका, मी सांगेन. त्यांनी तिला काय उत्तर दिलं? "मी खोटं बोलनार न्हाई. तू चांगली हायस, तेवढंच सांगीन. पन होळीच्या आत तू तुझ्या तोंडानं सांग." माझ्या मुलीला या माणसानं मुदत दिली होती. मला वीस वर्षांत जे सुचलं नाही, ते याला गाडीच्या दारात उभ्या उभ्या सुचलं. तिनं मुदतीच्या आत सांगितलं. मीच तेवढा वेळ थांबलो नाही.

जाताना तिनं विचारलं, "अप्पा, तो अर्ज कोणी केला असेल हो?"

आणि मी म्हणालो, "असतात अशी माणसं."

ज्ञाना, मला तिकडे बघवत नाहीये, म्हणून मी तात्यांच्या टोपीकडे बघून बोलतो. चांगुणाबाई, उठू नका. बसून ऐका. अर्ज मी केला होता.

होळी झाल्यावर भिमाजीराव परत आले. पहिल्या सकाळी डबा घेऊन मी थांब्यावर गेलो. त्यांनी डबा हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, नाव पुसाट झालंय. परत लिहून द्या. तुमचं अक्षर लई वळनदार हाय, कुठल्याबी कागदावर वळखू येतं." आणि डबा इंजिनाजवळ ठेवून त्यांनी घंटी मारली. फाईलमधले दोन्ही अर्ज त्यांना दाखवले होते, दोन्हीवरचं अक्षर एकच. चौकशीत नाव सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. चौदा महिने ते माझा डबा नेत राहिले, माझं लोणचं खात राहिले, आणि रोज मला सांगत राहिले, चांगली हाय, गुरुजी.

सोमवारी ज्ञानेश्वरी हैदराबादला निघाली आहे. एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. तिकडे आपली सहाची गाडी जात नाही. डबा ती बरोबर नेते आहे, पण तो संध्याकाळी परत येणार नाही. मला भीती वाटते. तिच्यासाठी मी सूचनांची यादी केली होती. चार पानं भरली. काल तिच्या आईनं ती चुलीत घातली. आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे तिला थेट विचारणं, आणि ती जे सांगेल ते खरं मानणं. हे मला जमेल का? ठाऊक नाही. शिकेन म्हणतो. पुढच्या महिन्यात ज्यांची पोरं पहिल्यांदा नगरला, पुण्याला जायची आहेत, त्या आईबापांना माझं एवढंच सांगणं, की माझ्या आधी शिका.

भिमाजीराव, आपल्या हातात श्रीफळ द्यायचा मान तात्यांनी मला दिला होता. तो चांगुणाबाईंना द्यावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. रंगुबाई वहिनींना इतकी वर्षं देवळात निजणारा नवरा आता घरी मिळतो आहे. त्या उभयतांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मला बोलू दिलं त्याबद्दल तात्यांचे, आणि न उठता ऐकलं त्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार.

बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला, असं मी या माईकवरून शंभर वेळा म्हणालो असेन. आज बोलण्यातली चूक पोटात घातली नाहीत तरी चालेल. लिहिण्यातली माफ करता आली तर बघा. त्या अर्जाखाली सही राहिली होती. ती आज सगळ्यांसमोर करतो.

आपला,
कानिफनाथ गुरुजी, ज्ञानेश्वरीचा बाप.