पार्सलचा गुडघा

...आणि वर मलाच सांगतात, "तुम्ही जरा दगड व्हायला शिका!" मला! एकवीस वर्षं गोदामात हमालांवर ओरडून ओरडून ज्याच्या घशाची चाळण झाली, त्याला बायको सांगते, दगड व्हा! का? तर कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे! अहो, गुडघा कुत्र्याचा, ऑपरेशन कुत्र्याचं, आणि तयारी कुणाची? माझी! थांबा, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, मग पुढचं बोलू. कुत्रं माझं नाही. तुम्हाला सांगतो, कुत्रं माझं नाही!

लेकीनं आणलं. साडेतीन वर्षांपूर्वी. तेही माझ्याच गोदामातल्या खोक्यात घालून, वर लाल चिकटपट्टी, 'नाजूक वस्तू, सांभाळून हाताळा'... मला वाटलं कपबश्या असतील, उघडलं तर आतून नाक! म्हणून नाव पडलं पार्सल. मी तेव्हाच म्हणालो, "हे आल्या पावली परत पाठवा." तर लेक म्हणते, "बाबा, परत घेत नाहीत." बरं बाबा, राहू दे, पण एक अट, फिरवणार तुम्ही, भरवणार तुम्ही, माझा काडीचा संबंध नाही. झालं काय? लेकीला कॉलेज, बायकोची कंबर, आणि सकाळी पावणेसहाला हातात पट्टा धरून खांबाशेजारी कोण उभा? भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, आमच्याकडे भीकही मीच घालायची आणि कुत्रंही मीच आवरायचं!

तर त्याला एक खोड. माझ्या कमरेला गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, सतरा किल्ल्या. संध्याकाळी तो जुडगा तळमजल्यावर वाजला की तिसऱ्या मजल्यावर हे दाराशी हजर. दार उघडलं की उडी! थेट छातीवर! बत्तीस किलो वजन! मी बोंबलतोय, "खाली! खाली म्हणतो ना!" आणि त्याला वाटतं मी गाणं म्हणतोय. अशाच एका संध्याकाळी उडी मारली, उतरताना मागचा पाय लादीवरून सटकला, आणि असा आवाज आला... जाऊ दे. तो आवाज काही मी काढून दाखवणार नाही. तीन पायांवर उभं, चौथा वर धरलेला, आणि तरीही माझ्याकडे बघून शेपूट चालूच! घरात दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच त्याला उडी मार म्हणून बोलावलं होतं!

...बोलावलं होतं. मांडीवर थाप मारली होती. एकदाच. सवयीनं. पण ते कुणी पाहिलेलं नाही आणि तुम्ही बाहेर बोलू नका.

जनावरांचा डॉक्टर म्हणजे अगदी हळू आवाजात बोलणारा माणूस, मला असल्या माणसांची भयंकर चीड येते. एक्स-रे उजेडाला धरून म्हणतो, "सांधा धरून ठेवणारी दोरी तुटलीय. हाड कापून पट्टी बसवू, स्क्रू मारू. ऑपरेशनचं मी बघतो. अवघड आहेत नंतरचे आठ आठवडे. उडी नाही, जिना नाही, सोफा नाही. एक उडी मारली आणि पट्टी निखळली, तर मग हा पाय वाचेलच असं मी सांगणार नाही." मग चष्म्यावरून बघत विचारतो, "हा सगळ्यात जास्त कुणाला बघून नाचतो?" दोघींची बोटं एकदम माझ्याकडे! "मग तयारी यांची करावी लागेल. घरात शिरलात की त्याच्याकडे बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही, हात लावायचा नाही. खिडकीपलीकडचा कारकून आपल्याकडे बघतो ना? तसं बघायचं. दोन आठवडे आधीपासून सराव करा."

मी म्हटलं, "डॉक्टर, कुत्रं माझं नाही."

तो म्हणतो, "मग तर सोपंच जाईल तुम्हाला."

सोपं! घरात पाऊल टाकायची सोय राहिली नाही हो! लादी दिसेनाशी झाली, सगळीकडे रबरी चटया. पार्सल सोफ्यावर चढेल म्हणून सोफा भिंतीला टेकवून उभा केला, आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून टीव्ही बघतोय, तर पाहुणे विचारतात, घर बदलताय का? कोपऱ्यात त्याच्यासाठी लाकडी कठडा. कुणी ठोकला? मीच! गोदामातल्या फळ्या आणल्या, पॉलिश पेपरनं तीन तीनदा घासल्या, कुसळ लागू नये म्हणून... नाही, म्हणजे बायकोला लागू नये म्हणून!

आणि मग तालीम. बायको परीक्षक. मी दाराबाहेर जायचं, किल्ली लावून आत यायचं, चपला काढायच्या, सरळ मोरीत जाऊन हात धुवायचे. बस्स. "पुन्हा! डोळे गेले तुमचे त्याच्याकडे." बाहेर. आत. "पुन्हा! तुम्ही हसलात." "अगं, मी हसलो नाही, माझं तोंडच असं आहे!" "बावीस वर्षं बघतेय मी ते तोंड, असं कधी नव्हतं. पुन्हा!" अकरा वेळा! अकराव्या खेपेला समोरच्या काकू दार उघडून विचारतात, "काय हो, घरात घेत नाहीत का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं! शेवटी जुडग्यावर मोजा चढवला, चपला दुसऱ्या मजल्यावरच काढून हातात घेतल्या आणि स्वतःच्या घरात चोरासारखा शिरायला लागलो. घर माझं! कुत्रं माझं नाही!

ऑपरेशनच्या आदल्या रात्री जेवणानंतर त्याला काही द्यायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. ठीक. पण बायकोचं फर्मान, "त्याच्या देखत कुणी खायचं नाही." म्हणजे त्याचं पोट रिकामं म्हणून आमचंही! सकाळी मी मोरीत नळ सोडून उभ्या उभ्या चार बिस्किटं खाल्ली. चावताना आवाज होऊ नये म्हणून पाण्यात बुडवून! आणि दाराच्या फटीतून बघतो तर बाहेर एक काळं नाक. पाचवं बिस्कीट गेलं नाही हो घशाखाली.

दवाखान्यात लेक त्याला घेऊन आत निघाली, आणि मला हुकूम काय, तर भिंतीकडे तोंड. भिंतीवर जंतांविषयीचा तक्ता. चार वेळा वाचला मी तो, आजही विचारा, गोल जंत, चपटे जंत, सगळं तोंडपाठ आहे. मागून त्याच्या नखांचा आवाज गेला, टक टक टक... थांबला. माझ्यामागे थांबला. मी मुठीत किल्ल्या इतक्या आवळल्या की दोन दिवस हातावर वळ होते. मी वळलो नाही. दगड! मग लेकीनं पट्टा ओढला आणि टक टक पुढे गेलं. दीड तास मी त्या तक्त्यासमोर उभा होतो, आणि तुम्हाला सांगतो, मला भीती वाटत होती. राग नव्हता, नुसती भीती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे आला आणि मी पाठ फिरवली, आणि हेच शेवटचं ठरलं तर?

ठरलं नाही. आला बाहेर. एक तंगडी सोलल्यासारखी भादरलेली, गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं, सगळ्या दारांना धडकतोय! पोटाखालून टॉवेल घालून दोघी त्याला लिफ्टनं खाली नेतात, आणि मी? मी कारकून! पहिल्या आठवड्यात मी शिरलो की कठड्यात नुसतं कुंई कुंई. मी मोरीत. तिसऱ्या आठवड्यात एकदा घरी कुणी नव्हतं, तेव्हा मी कठड्याला पाठ लावून पेपर वाचत बसलो. पाठ लावून! पाठीनं काय बघता येतं? नियम कुठे मोडला? तर फळ्यांच्या फटीतून शर्टाला ओलं नाक लागलं. मी एकच पान अर्धा तास वाचत होतो. तेवढ्यात बायको आली. "उठा! पाय वाचवायचाय ना त्याचा?" उठलो.

पाचव्या आठवड्यात ते नुसतं डोकं वर करायला लागलं. सातव्यात तेही बंद. घरात आनंदीआनंद! "बाबा, जमलं तुम्हाला!" जन्मात माझं कशाबद्दल कौतुक झालं नाही, ते या दगडपणाबद्दल झालं!

आठ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "उत्तम! असा जुळलेला गुडघा मी फार कमी पाहिलाय. आता भेटा त्याला मनसोक्त."

त्या संध्याकाळी मी मोजा काढून फेकला. तळमजल्यापासून जुडगा वाजवत वर! छन छन छन! काकूंनी दार उघडलं, म्हटलं, "आज घेतायत घरात!" दार उघडलं, चटईवर मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात पसरले, मांडीवर थाप मारली. एकदा. दोनदा. "पार्सल! अरे पार्सल!"

त्यानं एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच, खिडकीपलीकडून. आणि मिटला.

बायको म्हणते, "बघा, किती शहाणा झालाय!"

शहाणा! रोज सकाळी पावणेसहाला आम्ही दोघं खांबापाशी उभे असतो, चारही पायांनी छान चालतं, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. साडेतीन वर्षं मी घसा फोडून सांगत होतो हो, कुत्रं माझं नाही, कुत्रं माझं नाही... बायकोला पटलं नाही, लेकीला पटलं नाही, डॉक्टरला पटलं नाही. शेवटी एकाला पटलं.

कुत्र्याला.