घट्ट झालेला फ्रॉक

तुरुंगात नवऱ्याला भेटायला आलेली शिवणवाली रांगेत उभी होती. पुढच्या मुलीच्या फ्रॉकची काखेतली शिवण उसवायला आलेली तिला केव्हाची खुपत होती. मुलीची आत्याही त्यावरूनच कुरकुरत होती.

"नवा सोडून हाच कशाला घातलास? श्वास तरी घेता येतोय का?"

"येतोय की. थोडा थोडा."

"तुझे बाबा म्हणतील, आत्या पोरीला धड कपडेसुद्धा घेत नाही."

"नाही म्हणणार. हा त्यांच्या ओळखीचा आहे."

"अगं, पण तू वाढलीस ना आता?"

"म्हणूनच तर. मागच्या खेपेला तू म्हणालीस, बघ दादा, पोर केवढी उंच झाली. मग बाबा नुसते डोळे पुसत बसले."

"हो गं. चुकलंच माझं."

"आज उंचीचं काढू नकोस हं."

"नाही काढत. पण काचेतून दिसणारच की त्यांना."

"नाही दिसणार. मी आरशासमोर करून बघितलंय."

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. काचेपाशी पोचता पोचता मुलीने गुडघे हळूच वाकवले. आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"दादा, बघ. आहे तेवढीच आहे."