गुडघ्याखालचा पाट

नाही हो दादा, खालीच ठेवा, अगदी माझ्या मापाचं — सिंकखालच्या कपाटाचे पाय फिरवून पार आत घ्या आणि मग बसवा सिंक. लोक उंच मागतात, माहितेय मला, पण लोक उंच असतात! मी कशी आहे ते दिसतंय ना? आजवर भांडी घासली ती पाटावर उभं राहून — हाच तो पाट, तुम्ही गुडघ्याखाली घेतलाय तो. असू दे, असू दे, आता त्याचं काय काम! जाताना घेऊनही जा.

जुनं सिंक मोठ्या जाऊबाईंच्या मापाचं होतं. त्या ताडमाड उंच. त्या साबण लावायच्या, मी शेजारी पाटावर चढून विसळायचे — बाह्या कायम ओल्या. वर मलाच म्हणायच्या, "पाटावरून उतरलीस की हरवतेस बाई तू, शोधावं लागतं." मी म्हणायचे, "नाक खाली करून बघा, सापडेन." ... भांडण? छे! सगळे हेच विचारतात. त्यांच्या मुलाने नवं घर घेतलं, त्या तिकडे राहायला गेल्या, एवढंच. मला उलट मोकळीक मिळाली — डबे माझ्या हाताला येतील असे लावले, आता सिंकही माझ्या मापाचं.

काय म्हणालात? एकटीला दोन कप्प्यांचं सिंक कशाला? अहो, एकात घासायचं, एकात विसळायचं. कोण म्हणजे? मीच. इकडे घासायचं, दोन पावलं सरकायचं, तिकडे विसळायचं — त्यात काय एवढं.

रविवारी येणारेत त्या. मागच्या खेपेला आल्या, तर स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या — आणि मला विचारतात, "पाणी घेऊ का गं?" विचारतात! लग्न होऊन आले तेव्हा पेले कुठे असतात ते मला ज्यांनी दाखवलं, त्या! मी हसून म्हटलं, घ्या की. मग बाहेर जाऊन बसल्या पाहुण्यासारख्या, आणि त्यांचा चहाचा रिकामा कप मी आत आणला.

आता या एवढ्याशा सिंकपाशी त्या उभ्या राहिल्या, तर त्यांना पार वाकावं लागेल, नाही? वाकायच्या नाहीत हो, मी ओळखते ना — "घास बाई, तुझं तू," म्हणतील आणि बसतील परत बाहेर जाऊन. त्यात त्यांची कंबरही...

थांबा, थांबा. ते फटी बुजवायचं सिलिकॉन लावू नका अजून! पाय बाहेरही निघतात ना कपाटाचे? मग काढा. अजून. अजून थोडे... माझ्याकडे काय बघताय, दादा? बदललं माप! काढा सगळे. हं — इथे. इथे बरोबर येतील त्यांचे हात.

आणि उठा आता. तो पाट द्या इकडे — नाही, नाही, न्यायचा नाही. पुसून द्या.